सी बशीरांची लाल शाई

अरबी शिकवणाऱ्या सी बशीरांनी ('सी' म्हणजे तिथलं 'सर') तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला, तसा स्कंदरने बाकाखाली दप्तराचा पट्टा हाताला घट्ट गुंडाळला. पळायची वेळ आली तर दप्तर मागे राहायला नको.

हजेरीपटावर तो एमना होता, म्हणजे मुलगी. स्कंदर हे नाव फक्त त्याला आणि शेजारी बसणाऱ्या रिमला माहीत. ट्युनिसच्या रस्त्यावर त्याचं फारसं अडत नसे; तिथल्या बोलीत बाईला, बाप्याला, पोलिसाला आणि गाढवाला 'तू' एकच. भानगड व्हायची अरबीच्या तासाला. पुस्तकी अरबीत बाईचा 'तू' वेगळा, बाप्याचा वेगळा, आणि आपण दमलोय एवढं सांगायचं तरी आधी आपण कोण ते ठरवावं लागे.

गेल्या आठवड्यात, 'माझी सकाळ' या निबंधात, स्कंदरने ते ठरवून टाकलं. दोन पानं तो दमलेला, भुकेला, उशिरा पोचलेला मुलगा होता. वही दिल्यावर मात्र त्याला घाम फुटला. एक टिंब चुकलं तरी सी बशीर घरी चिठ्ठी धाडत. हे प्रकरण थेट मुख्याध्यापकांकडे जाणार, बाबांना बोलावणं येणार आणि शाळा संपणार. रिमचं म्हणणं पडलं की इतका धाडसी माणूस तिने आजवर पाहिला नाही, फक्त असलं धाडस आधी पेन्सिलने करावं.

"एमनाबाई, मिशा कधी फुटणार?" मागून निझार रोजच्यासारखा पुटपुटला.

"तू पास व्हायच्या आधी," स्कंदर न वळता म्हणाला.

निझारला वीसपैकी सहा मिळाले. मग सी बशीर स्कंदरच्या बाकापाशी येऊन थांबले. तीस वर्षांत हा माणूस हसल्याची शाळेत नोंद नव्हती. आजही झाली नाही.

"चूक आहे," ते म्हणाले.

स्कंदर उभा राहिला. हाताबरोबर दप्तरही उठलं.

"दोन पानं व्यवस्थित लिहायची आणि शेवटी झोपा काढायच्या?"

लाल वर्तुळ एकच होतं. शेवटच्या ओळीत, जुन्या सवयीने, 'मी माझ्या आईची लाडकी' असं उतरलं होतं. त्यावर काट मारून सी बशीरांनी वर लिहिलं होतं, 'आईचा लाडका'. अर्धा गुण कापला होता. दमलेला, भुकेला, उशिरा पोचलेला, यांपैकी कुणालाही शाईचा थेंबसुद्धा लागला नव्हता.

"उद्या दहा वेळा लिहून आण. आणि बस खाली. दप्तरालाही बसव."

दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्कंदर लिहीत बसला. समोर आई मिरच्यांचे देठ काढत होती. तिने मान वाकडी करून ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"शिक्षा झालीय?"

"व्याकरणाची. दहा वेळा लिहायचंय."

आईने बोटाने ओळी मोजल्या. सत्तावीस झाल्या होत्या आणि स्कंदरचा हात चालूच होता. मिरच्यांचं ताट तिने आपल्याकडे ओढून घेतलं, तशी वहीला जरा जागा झाली.