पुढचं अक्षर

आमच्या ह्यांच्यासमोर कोणी आपलं वाक्य आपणच पुरं करून दाखवावं, मी त्याला लोटांगण घालीन. मी नुसतं ‘अहो, जरा ते…’ म्हटलं की हे ‘झाकण’ म्हणून मोकळे. आणि बहुतेक वेळा झाकणच हवं असतं, हा खरा संताप. लग्न झाल्यापासून माझ्या तोंडातला शेवटचा शब्द ह्यांच्याच मालकीचा आहे.

वर्तमानपत्रात रोज येतं ते शब्दकोडं हे रचतात. उभे शब्द, आडवे शब्द, काळी घरं, खाली सूचना, सगळं पट्टी-पेन्सिल घेऊन हातानं. शिवाय अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळवायच्या स्पर्धा असतात, त्यातले हे चॅम्पियन. कपाटावर इतके चषक झालेत की फडकं मारता मारता माझे हात भरून येतात. बिल्डिंगमध्ये ह्यांना ‘डिक्शनरी’ म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना ह्या डिक्शनरीशी संसार करायचा नाहीये.

ह्यांचं कोडं छापायला जाण्याआधी सोडवून बघायच्या त्या सासूबाई. हळूहळू, चष्मा पुसत पुसत. त्या जिथे अडतील तिथली सूचना हे बदलायचे. त्या सोडवायला बसल्या की हे उठून स्वयंपाकघरात यायचे, कारण समोर बसलं की उत्तर तोंडातून सुटायचंच. मग माझ्या फोडणीत लुडबुड.

त्याच सासूबाई आता हॉस्पिटलच्या काचेच्या खोलीत होत्या. फुप्फुसांनी दगा दिला होता. तोंडातून आत नळी, नळीला मशीन, त्यामुळे बोलणं बंद. डोकं मात्र लख्ख. मी केस नीट केले की डोळ्यांनीच म्हणायच्या, राहू दे गं.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांना बाजूला घेतलं. “तोंडातली नळी आता ठेवून चालणार नाही. गळ्याला छेद घेऊन तिथून घालता येईल. पण मग मशीनवरच राहतील. त्यातून सुटतील का, मला सांगता येत नाही. नाहीतर नळी काढायची, आणि त्रास होणार नाही एवढं बघायचं.”

“काढली तर?” ह्यांनी विचारलं.

बाईंनी काचेतून आत सासूबाईंकडे बघितलं. उत्तर त्यातच आलं. मग म्हणाल्या, “त्या शुद्धीत आहेत, त्यामुळे निर्णय त्यांचा. मी विचारलं तर हवेत बोट फिरवून दाखवलं, लिहून सांगते म्हणून. पेन धरवत नाही. तुम्ही बघा जमतंय का. संध्याकाळच्या राऊंडला मला सांगा.”

मी ह्यांना म्हटलं, “सरळ विचारा ना. हो असेल तर डोळे मिटा म्हणावं.”

“नाही. तिला तिच्या शब्दांत सांगायचंय. सूचनेत उत्तर घालून देत नसतात.”

एरवी मी कपाळाला हात लावला असता. पण ह्यांनी खिशातून पट्टी-पेन्सिल काढलीही होती.

हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा मागून आणून ह्यांनी त्याच्यावर चौकटी आखल्या. एकेका घरात एकेक अक्षर, खाली काना, मात्रा, वेलांट्या, उकार. आईनं बोटानं अक्षर दाखवायचं, आपण वाचायचं. काम सुबक होतं, प्रश्नच नाही. पण अक्षरं लावली कशी? भाषेत जास्तीत जास्त लागणारी आधी, कमी लागणारी नंतर! स्पर्धेत सोंगट्या लावतात तशी. म्हणे बोटाला कष्ट कमी. आयुष्यभर क ख ग घ म्हणालेली बाई ती, तिचे डोळे त्या पुठ्ठ्यावर नुसते भिरभिरत राहिले. शेवटी कसंबसं बोट ‘प’वर टेकलं.

“पाणी!” हे म्हणाले. “पाणी हवंय?”

बोट डावी-उजवीकडे हललं.

“पाठ? पाठ दुखते? पाय? पंखा? पंखा लावू?”

बोट पुन्हा निघालं, खालच्या ओळीकडे. ते पोचायच्या आत ह्यांची पुढची फैर. “पांघरूण? पडदा? परत! आई, परत घरी यायचंय ना तुला? नेतो. बरी झालीस की लगेच नेतो!”

सासूबाईंनी डोळे मिटले. कडेनं पाणी आलं. नर्स धावत आली, “दमवू नका हो त्यांना,” म्हणाली आणि आम्हांला बाहेर काढलं.

बाहेर येताच हे ताडताड डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. “परत म्हणाली. तिला परत यायचंय. छेद घ्या म्हणून सांगतो.”

मी शर्टाची बाही धरून ओढलं. “काय म्हणाल्या? ‘प’ म्हणाल्या त्या. एका अक्षरावर तुम्ही आईचा गळा कापून घेणार?”

“संदर्भावरून कळतं…”

“चुलीत घाला तुमचा संदर्भ!”

कॉरिडॉरमधली माणसं बघायला लागली. बघू देत. हे भिंतीला टेकले आणि खाली सरकत फरशीवरच बसले. “तिला जगायचंय गं. मला माहितीये. ती गेली तर मी कोडं दाखवू कोणाला?” आणि हे माझे पाय धरायच्या बेतात. मी हादरलेच. हा माणूस स्पर्धेत हरला तरी हसत घरी येतो, आणि इथे माझ्यापुढे हात जोडत होता. “तू सांग ना डॉक्टरांना, परत म्हणाली म्हणून. तूपण ऐकलंस. सांग ना.”

मला सांगावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलंच.

पण मी पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला शाळेत शिकवतात तसं सगळं लिहिलं. अ आ इ ई, मग क ख ग घ, खाली काना, मात्रा, उकार. अक्षर माझं गचाळ, पण ठसठशीत. दुपारी सासूबाईंना जरा हुशारी आल्यावर नर्सनं आत सोडलं. ह्यांना स्टुलावर बसवलं आणि बजावलं, “तोंडातून एक शब्द काढलात तर बाहेर घालवीन.” ह्यांनी रुमाल काढून तोंडावर दाबून धरला.

पुठ्ठा मी धरला. “आई, सावकाश. आम्हांला कुठे जायचं नाहीये.”

बोट ‘प’वर गेलं. मग उकारावर. “पु,” मी वाचलं. रुमालातून काहीतरी आवाज आला, मी डोळे वटारले. मग ‘र’. मग मात्रा.

“पुरे?” मी विचारलं.

बोटानं पुठ्ठ्यावर ठकठक केलं आणि ते मुठीत परत गेलं.

ह्यांनी झटक्यात पुठ्ठा माझ्या हातातून घेतला. “झालं नाहीये. अजून आहे. शब्द लांब आहे, ती दमलीये फक्त. आई, पुढचं अक्षर दाखव. एकच. पुढे आहे ना काहीतरी?”

“अहो, झालं त्यांचं.”

“तू गप्प बस!” माझ्यावर हे असे कधीच ओरडले नव्हते. “आई, पुढचं अक्षर. दाखव ना. पाया पडतो तुझ्या.” आणि ह्यांनी त्यांचं बोट स्वतःच उचलून पुठ्ठ्यावर ठेवलं.

मी हातावर चापट मारली. “बोट तुम्ही नाही धरायचं!”

हे मागे सरले. सासूबाई ह्यांच्याकडे बघत राहिल्या, किती तरी वेळ. मग बोट आपणहून उठलं आणि वरच्या ओळीत ‘आ’वर टेकलं.

ह्यांच्या चेहऱ्यावर मला सगळं दिसत होतं. आशा, आधार, आणखी. आणखी! एवढा एक शब्द मिळावा म्हणून ह्यांनी कपाटावरचे सगळे चषक भंगारात दिले असते. तरी हे बोलले नाहीत. रुमाल दातांत धरून थांबले. बोट हळूहळू खाली आलं. ‘त’. आणि काना.

“पुरे आता,” मी वाचलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी पुढे होणार होते, पण हे म्हणाले, “मी सांगतो.” आणि सांगितलं. “पुरे आता, असं म्हणाली. मी त्यात काही घातलेलं नाही.”

“मलाही एकदा विचारून घ्यावं लागेल,” बाई म्हणाल्या आणि पुठ्ठा घेऊन आत गेल्या. हे काचेला कपाळ लावून उभे. “बदल ना, आई. बदल,” एवढंच चाललेलं. काचेवर वाफ धरली, ती बाहीनं पुसायचे आणि पुन्हा तेच.

बाई बाहेर आल्या. “तेच म्हणाल्या,” हलक्या आवाजात सांगितलं त्यांनी, आणि तयारीला निघून गेल्या.

मी ह्यांना बाकावर बसवलं. पाठीवर हात ठेवून म्हटलं, “सकाळी तुम्ही तरी काय करणार होतात? एका अक्षरावरून कोणाला…”

“मला कळलं होतं,” हे म्हणाले.

“काय?”

“सकाळीच. तिनं ‘प’वर बोट ठेवलं ना, तेव्हाच.” ह्यांनी माझा हात धरला. “तो एक शब्द सोडून बाकी सगळे म्हणत होतो मी.”