हिरव्या दिव्याचे दहा सेकंद

"तुम्ही फळी गुणांसाठी खाली घेतली नाहीत, कोच. घाबरून घेतलीत." बुटाचा पट्टा आवळत झिवा म्हणाली. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही तिनं.

विन्को लेस्याकनं हातातला झेंडा काठीला गुंडाळला. बावीस वर्षांपूर्वी याच टेकडीवरून स्कीवर उडी घेऊन तो स्लोव्हेनियाचा विजेता झाला होता. पुढच्याच हिवाळ्यात त्याच्या कोचनं वाईट वाऱ्यात, सुटण्याची खूण म्हणून, झेंडा खाली केला आणि विन्कोच्या गुडघ्याचा चुरा झाला. तेव्हापासून तो इतरांना उडायला शिकवत होता.

आज पहिल्या फेरीत त्यानं पंचांना सांगून जिच्यावर बसून झिवा उतारावर सुटते ती फळी एक पायरी खाली घेतली. वेग कमी होतो, त्याचे भरपाईचे गुण मिळतात. पण एकशे एकोणीस मीटर गाठले तरच. झिवा एकशे अठरावर टेकली. भरपाई गेली, आणि ती सहाव्या नंबरावर घसरली. संघात जागा चौघींनाच.

"वारा वाईट होता," तो पुटपुटला.

"आणि बाकीच्या पोरी काय खोलीत उडल्या?"

स्कीला मेण लावणारा द्रागो खाली मान घालून हसला. "पोरी, याचा गुडघा हवामान खात्याच्या आधी बोलतो. फक्त बोलतो नेहमी एकच."

विन्कोनं टोपी काढली, पुन्हा घातली. "भीतीच होती," तो म्हणाला. "आता फळीला हात लावणार नाही."

"आणि झेंडा?"

"तो माझ्याच हातात असतो, बाई. त्याला इलाज नाही."

दुसऱ्या फेरीसाठी ती वर गेली.

उताराच्या कडेला कोचांच्या माचीवर विन्को झेंडा उंच धरून उभा राहिला. वर फळीवर झिवा ठिपक्याएवढी दिसत होती. दिवा हिरवा झाला. दहा सेकंद. तेवढ्यात झेंडा खाली आला नाही, तर ती बाद.

ओठांत मारिया मातेची प्रार्थना आपसूक सुरू झाली. तीन. चार. जिथून उडी घ्यायची त्या कड्यावरची, वारा दाखवणारी कापडी पट्टी सरळ होती. पण खालची, जिथं ती सर्वांत उंच असेल तिथली, उलटी फडफडत होती. गुडघ्यात कळ आली. त्यानं सगळा भार दुसऱ्या पायावर घेतला. कळ थांबली. पट्टी थांबली नाही.

"अरे, सोड की तिला!" शेजारचा कोच ओरडला.

आठ. नऊ.

दिवा लाल झाला. मैदानभर शिट्ट्या. झिवा फळीवरून बाजूला सरकली.

तिच्यामागची मुलगी दोन मिनिटांनी सुटली. तोवर वारा पडला होता. ती एकशे सव्वीसवर अलगद उतरली.

झिवा स्की खांद्यावर टाकून आली. तिचे डोळे कोरडे होते.

"आता कुणाचं ऐकलंत? गुडघ्याचंच ना?"

"पट्टी उलटी होती. मी पाहिली."

"तिला तर काही झालं नाही."

"नाही झालं."

"मग मी कशावरून मानू?"

विन्कोकडे दाखवायला काहीच नव्हतं. वारा येऊन निघूनही गेला होता. "मी खोटं बोलत नाही, एवढंच," तो म्हणाला. "पहिल्या फेरीतली भीती मी कबूल केली ना?"

द्रागोनं यावेळी थट्टा केली नाही. गाडीचं दार उघडून तो वाट पाहत राहिला.

"पुढच्या वर्षी तुमच्याकडे शिकायचं की नाही, ते उद्या सांगते," झिवा म्हणाली, आणि विन्कोच्या शेजारची नेहमीची जागा सोडून मागे, स्कींच्या ढिगापाशी जाऊन बसली.