हिरवळीखालच्या विटा

दवाखान्याच्या मागच्या फाटकातून बागेत शिरायचं, हिरवळ तिरकी कापायची, की पलीकडच्या गल्लीत आमचं घर. सात मिनिटं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्यात आईची कूस बदलायची, चार घास भरवायचे आणि परत वॉर्डात हजर. नर्सची नोकरी बावीस वर्षांची. आई अंथरुणाला खिळली त्याला सहा वर्षं झाली.

जाता-येता बागेचं काय काय झालं ते पाहिलं. हरणांचा पिंजरा गेला, तिथे घसरगुंडी आली. बँड वाजायचा त्या चौथऱ्यावर चौकीदारांच्या सायकली राहू लागल्या. कारंजं दोनदा रंगवलं, तीनदा आटलं. टिकली ती आमची पायवाट, आणि तिच्यावर डूख धरून बसलेले काटेकाका. हे बागेचे मुख्य माळी. वाटेवर काटेरी फांद्या टाकायचे, म्हणून हे नाव. मी दिसले की लांबूनच खेकसायचे, "ओ बाई, डोळे फुटले का? हिरवळ आहे ती!" पुढे काटे टाकणं थांबलं, पण तोंड चालूच. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, त्या दिवशी मी अख्ख्या वॉर्डाला चहा पाजला.

मग बागेला शंभर वर्षं झाली आणि ती मूळ रूपात आणायचं ठरलं. मूळ आराखड्यात नसलेलं सगळं जाणार. वाट बुजणार, मागचं फाटक कायमचं बंद. रस्त्याने वळसा घालायचा तर नुसतं जायलाच पंचवीस मिनिटं. नोकरी सोडू की आईला दिवसभर उपाशी ठेवू? माझं अवसानच गळालं. वाट राहू द्या म्हणून अर्ज केला. उद्यान अधिकारी म्हणाले, "मागच्या भागाचा नकाशा वाळवीने खाल्लाय. जुन्या माणसाला बोलावू."

जुना माणूस म्हणजे काटेकाका! म्हटलं, झालं कल्याण.

काका काठी टेकत आले. मला पाहून कपाळाला आठी घातली.

"काका, इथे पूर्वी वाट होती का हो?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"होती की. पक्क्या विटांची. मी कामाला लागलो त्याच आठवड्यात माझ्याकडूनच तिच्यावर माती टाकून घेतली. तेव्हाच्या साहेबांना सलग हिरवळ हवी होती. खणा वीतभर."

खणलं. कुदळ खण्‌कन वाजली. खाली विटा होत्या, फाटकाकडून थेट आमच्या गल्लीच्या दिशेने गेलेल्या.

"म्हणजे फाटकही राहणार," अधिकारी म्हणाले.

छातीवरचा धोंडा उतरला. मी तिथेच मातीत बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मग रागही आला.

"काका, हे ठाऊक असून अठरा वर्षं माझ्यावर खेकसलात?"

"मग? हिरवळ मी या हातांनी लावली होती. कोणी तुडवली की जीव तुटायचा." त्यांनी माझ्या घड्याळाकडे बोट केलं. "उठा आता. आई उपाशी असेल."

"आईचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आधी तुम्ही रमतगमत जायचात, मग हातात डबा घेऊन पळत जायला लागलात. चौकीदाराला विचारलं. काटे उगाच नाही उचलले."

उठले आणि विटांच्या बाजूने धावत सुटले.

मागून आवाज आलाच. "ओ बाई, कडेच्या गवतावर पाय नको!"