आतली गाठ

चैत्राचा उन्मत्त वारा घाटमाथ्यावर चढून आला होता. तांबडमातीचा, करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा, एका जागी न ठरणारा वारा. गोऱ्यांच्या छावणीतली दारं तो धडाधडा आपटत होता, आणि एका बंगल्याच्या मागच्या अंगणात गोजरा बुरूडीण कळकाच्या कांबी सोलत बसली होती. पायरी चढायची तिला परवानगी नव्हती.

"पिंजरा करायचाय," आया मथुराक्कानं सांगितलं होतं.

"कोंबड्या किती?"

"एकच. बारा वर्षांची." मथुराक्का पदर तोंडात कोंबून हसली, आणि हसता हसताच तिची नजर पायरीकडे गेली.

विलायतेहून आलेला, घागरा आतून फुगवून धरणारा पोलादी सांगाडा घाटातल्या पावसानं गंजून मोडला होता. उद्या हिरवळीवर मेजवानी. मडमेच्या लेकीला पहिल्यांदाच घेरदार उभं करायचं होतं. म्हणून पोलादाऐवजी कळक. कमरेशी सव्वा हात घेर, पायाशी पाच हात. एकाखाली एक सहा कडी, आणि वर मेघनीळ रेशमाचा महापूर.

कुणी सांगितलं बाईनं झुंबर व्हावं म्हणून? चालावं तर दारात अडकावं, बसावं तर घेर तोंडावर यावा, दिव्याजवळून जावं तर भडकन पेट घ्यावा. साता समुद्रांवर राज्य यांचं, आणि घरची पोर कोंबडीसारखी डालग्याखाली!

ती पोर पायरीवर उभी होती. हॅरिएट तिचं नाव. ओठाला कैरीचा चीक, गुडघ्यांवर खरचटलेल्या चंद्रकोरी, डोळ्यांत वाराच वारा.

गोजराला आपली लेक भागू आठवली. नवव्या वर्षी सासरी गेलेली. त्या घराचं दार बाहेरून लागायचं. घर पेटलं तेव्हा आतून भागूचा धूरच बाहेर आला.

कोयती थांबली. मग चालू लागली. रागानं चालू लागली.

"गोजरे, कमरेची गाठ पक्की मार गं," मथुराक्का कुजबुजली. "डालग्यासारखी सरकगाठ ठेवलीस, तर मडम पाठीची साल काढेल."

डालग्याची सरकगाठ बाहेरून असते. कोंबडीला सापडू नये म्हणून. गोजरानं ती आतून घातली.

आणि सांगाडा हाती देताना, आयाच्या कडेवर वाढून आयाची बोली शिकलेल्या त्या पोरीला ती हळूच म्हणाली, "बाय, जीव घुसमटला तर हे टोक ओढ."

दुसऱ्या दिवशी हिरवळ रेशमानं फुलली. गोजरानं घरी जायला हवं होतं. ती कुंपणाशी उभीच राहिली. मेघनीळ घेर, घेराच्या मधोमध खिळलेली पोर, आणि भोवती धुमसणारा, हाका मारणारा, चिडलेला वारा.

पोरीचा हात चुण्यांत गेला.

सहा कडी पायाशी कोसळली. रेशीम मुठींत गोळा करून पोर उडी मारून बाहेर पडली, आणि धावली. जांभळीकडे धावली, उताराकडे धावली, नुसतीच धावली.

मडमेची नजर गर्रकन फिरली आणि कुंपणाशी येऊन थांबली. गोजरानं मान खाली घातली नाही.

दोघींच्या मधून तेवढ्यात वाऱ्यानं निखळलेलं एक कडं उचललं. ते उभं राहिलं, डुललं, आणि निघालं. उन्हातून, गवतातून, दरीकडे, रिकामं, गोल, गोल, गोल.