मेणाचा ट्रे आणि शिंगाळ्याचं डोकं

मित्रांनो, माझ्या अंगावरची टाचण्यांची भोकं मोजू नका, दमाल. आज मी माळ्यावर पडलेला जुना ट्रे असलो, तरी एके काळी माझ्यावर एम.एस्सी.चा अभ्यास झालेला आहे आणि त्याचा तोरा मला अजून आहे.

जन्म माझा भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यातला. कडेला पोचा आला म्हणून मला मोडीत टाकलं होतं. तिथे पॉलिश करणाऱ्या कोंडिरामांनी मला मागून घेतलं आणि नवघरच्या घरी आणलं. साल १९९४. त्यांची लेक संध्या मेंदूविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होती. माशाचा मेंदू अख्खा बाहेर काढायचा सराव तिला करायचा होता. कोंडिरामांनी विहारातल्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वितळवून माझ्यात ओतले. टाचणी रुतेल असं छान अंथरूण झालं.

दर रविवारी पाली गावची मासेवाली गोदूबाई बाजारात संध्याला शिंगाळा माशाचं डोकं द्यायची. संध्या ते माझ्यावर टाचायची, कवटी सोलायची आणि आत बघते तर नुसता लगदा! चार रविवार हेच. परीक्षा आठवड्यावर आली.

"बाबा, माझा हातच जड आहे. सोडते मी हे, नोकरी बघते," म्हणत ती रडली.

मला फार वाईट वाटलं. डोकं ठेवताच आतली मोडकी हाडं मला टोचायची. पण ट्रेला तोंड कुठलं!

दुसऱ्या दिवशी कोंडिराम मला बगलेत मारून गोदूबाईपुढे उभे राहिले. "बाई, पोरीचा भेजा काही अख्खा निघंना!"

"पोरीचा?" गोदूबाईच्या हातून कोयताच पडला.

"माशाचा वो! शिकायला लागतो तिला."

"अरं देवा! डोक्यावर टोला तर मीच हानते. त्याबिगर मसाला आत जातो काय? मला वाटलं, कालवणाला नेतेय. पोर गुणाची हाय, म्हणून तिला दोन टोले जास्त!"

त्या संध्याकाळी न फोडलेलं डोकं माझ्यावर आलं. संध्याच्या चिमट्यातून शेंगदाण्याएवढा मेंदू अलगद, अख्खा निघाला. पुढे परीक्षेतही तो तसाच निघाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण आधी स्वतःला जपा. आपला हात जड आहे असं ठरवण्यापूर्वी, डोकं आपल्या हाती यायच्या आधीच कुणी मायेनं फोडून दिलं नाही ना, तेवढं विचारून या.