खाली न ठेवलेला पैसा

मी एक जुना, मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी फारच थोड्यांनी मला पाहिले असेल. तुमच्या पडद्यावरच्या खेळातली पेटी फोडली की खणखणत बाहेर पडतात, त्या सोन्याच्या मोहरा मात्र तुम्ही रोज पाहता. काही महिने मीही तशाच एका खेळात राहून आलो. तिथून मला का काढले आणि माझ्यामुळे आणखी कोणाला जावे लागले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. तेव्हा धातूची टंचाई होती, म्हणून टाकसाळीत माझ्या पोटाचा गोल तुकडा काढून घेतला आणि उरलेल्याला बाजारात सोडले. रुपये मोठ्या घरांत राहत. आम्ही पैसे गरिबांच्या मुठीत राहत असू. कुणाच्या तरी दिवसभराच्या घामाने मी नेहमी ओलसर असे.

असाच फिरत मी वर्धेकडच्या एका गावात गंगूच्या आईकडे आलो. गंगू तेव्हा सात-आठ वर्षांची होती. आईने मला तिच्या हाती दिले आणि मीठ आणायला पाठवले. त्या गावात गंगूच्या वस्तीतल्या माणसांना अस्पृश्य मानत. त्यांनी पैसा दुकानाच्या पायरीखाली मातीत ठेवायचा, मागे सरायचे आणि मग दुकानदाराने त्यावर पाणी शिंपडून तो उचलायचा, अशी रीत होती. मी अनेकदा तसा मातीत पडलो होतो. त्या दिवशी गंगूने मला खाली ठेवलेच नाही. तिने हात पुढे केला.

दुकानदार म्हणाला, "खाली ठेव."

ती म्हणाली, "हातात घ्या."

तिला मीठ मिळाले नाही. घरी सगळे अळणी जेवले. आई रागावली नाही. तिने माझ्या भोकातून काळा दोरा ओवला, मला गंगूच्या गळ्यात बांधले आणि हा आता खर्चायचा नाही, एवढेच सांगितले.

पुढे दशमान पद्धत आली आणि माझे चलन संपले. छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर गंगूने घरातले पुष्कळ जुने टाकून दिले होते, पण मला ठेवले. तिची गंगुबाई झाली, मग आजी झाली. मुलगा प्रफुल्ल केंद्र सरकारच्या नोकरीत लागला आणि आम्ही दिल्लीला आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. तिथे मी तिच्या औषधांच्या डब्यात असे.

प्रफुल्लची मुलगी लुंबिनी गुरुग्रामच्या एका कंपनीत खेळ तयार करते. राक्षस, किल्ले आणि जादूच्या तलवारी असलेल्या एका खेळातला बाजार रचायचे काम तिच्याकडे आले. तिने त्यात तीन नाणी ठेवली: तांब्याचे, चांदीचे आणि सोन्याचे. तांब्याच्या नाण्यासाठी तिने आजीकडून मला मागून नेले. माझे चहूबाजूंनी फोटो काढले आणि मला आपल्या संगणकाशेजारी एका वाटीत ठेवले. पडद्यावर मी चमकू लागलो. इतक्या वर्षांनी माझे चलन पुन्हा सुरू झाले होते.

मग तिने खेळात विहिरीजवळ भाकरी विकणारी एक म्हातारी बसवली. तिला आवाज आजीचा हवा होता. एका रविवारी ती मला घेऊन घरी आली आणि आवाज टिपायला आजीसमोर फोन धरला.

"भाकरीचे किती घेऊ?" आजीने विचारले.

"तू सांग ना. दुकान तुझं."

"एक पैसा. लढायला निघालेली पोरं, त्यांना काय लुटायचं? आणि मागणाऱ्यालाही भाकर घेता आली पाहिजे."

"अच्छा, मग हेच बोल."

आजीने पदर सारखा केला, जणू फोटोच काढायचा होता, आणि म्हणाली, "एक पैसा दे, बाळा. खाली ठेवू नको. हातात दे."

लुंबिनीने म्हातारीचा हात पुढे येईल असे केले. खेळणाऱ्याने त्या तळहातावर पैसा ठेवला की मगच भाकरी मिळे. खेळ पुरा झाला की ती आजीला तो मोठ्या टीव्हीवर दाखवणार होती. आजी रोज विचारी, माझं दुकान उघडलं का?

दुकान उघडायच्या आधीच वाद सुरू झाला. परीक्षित हा लुंबिनीचा वरिष्ठ होता, मूळचा पुण्याचा. तो माणूस वाईट नव्हता. खेळ तपासणारी मुले तांब्याची नाणी उचलतच नाहीत, ती रस्त्यावर तशीच पडून राहतात, असे तो म्हणे. तीन नाण्यांनी लोक गोंधळतात, एकच मोहर पुरे, असे त्याचे मत होते.

"यार लुंबिनी, लोक राक्षस मारायला येतात. सुटे पैसे सांभाळायला नाही."

"सगळ्यांकडे सोनंच असेल, तर गरिबांनी त्या गावात कशानं जगायचं?"

"खेळात गरीब लागतातच कशाला?"

लुंबिनी बराच वेळ भांडली. पण सगळ्यांचे मत परीक्षितच्या बाजूने पडले. संगणकाने साऱ्या किमती मोहरांत बदलल्या. तलवारी, घोडे, ढाली सगळे नीट बदलले. आजीची भाकरी इतकी स्वस्त होती की तिची किंमत शून्य झाली. म्हातारी तरी म्हणतच होती, एक पैसा दे, हातात दे. कुणाकडेच पैसा नव्हता. खेळणारे भाकरी उचलून पुढे जात आणि तिचा हात तसाच पुढे राही.

परीक्षितला ते पाहून वाईट वाटले. तो म्हणाला, "आजींकडून नवं वाक्य घे ना. 'एक मोहर दे' म्हणायचं, बस."

"आजी आता बोलत नाही," लुंबिनी म्हणाली.

त्याच आठवड्यात, दिल्लीवर धुरकट धुके उतरलेले असताना, आजीला अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा गेली होती. परीक्षित हळूच म्हणाला की दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेऊ. लुंबिनीने नकारार्थी मान हलवली. तिने स्वतःच म्हातारीला खेळातून काढून टाकले. विहीर तिथेच आहे. तुम्ही तो खेळ खेळलात, तर तिच्या काठावर रिकामी जागा दिसेल.

त्या संध्याकाळी लुंबिनी मला घेऊन घरी आली आणि आजीच्या पलंगाशी बसली. दुकान उघडले का, हे आजीने डोळ्यांनीच विचारले. लुंबिनीला खोटे बोलता आले नाही. "नाही गं आजी," ती म्हणाली. आजीने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचा चांगला हात पांघरुणाबाहेर आला आणि तळवा उघडला.

लुंबिनीने मला त्यावर ठेवले. अशक्त बोटे मिटली नाहीत. मी घसरलो आणि फरशीवर पडलो. तो आवाज आजीने ऐकला आणि तिचा चेहरा दुकानाच्या त्या पायरीपाशी उभ्या असलेल्या मुलीसारखा झाला. लुंबिनीने मला उचलले, पुन्हा त्या तळव्यावर ठेवले आणि स्वतःच्या बोटांनी आजीची बोटे मिटून धरली.

आजी त्या दुखण्यातून उठली नाही; त्याच हिवाळ्यात गेली. मी आता पुन्हा औषधांच्या रिकाम्या डब्यात आहे.

मित्रांनो, खेळात किती नाणी असावीत ते मोठ्यांना ठरवू द्या. माझे एवढेच मागणे आहे. कुणाला काही द्याल, अगदी एक पैसाही, तर तो खाली ठेवू नका. हातात द्या.