राजकल्प गोळी कशी बनते

अमरावतीच्या परकोटाबाहेर कापसाच्या बाजाराला लागून एक जुनी चिंच होती. त्या गुरुवारी चिंचेखाली इतकी माणसं जमली की गाड्या सोडायला जागा उरली नाही. पांढऱ्याशुभ्र केसांचा, पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा रुईचा भला मोठा गठ्ठा पाठीवर घेऊन झाडाभोवती फेऱ्या घालत होता. एक झाली, दोन झाल्या, तिसरीला लोकांनी हात जोडले.

व्याघ्रचर्मावर बसलेले चिरंजीवनाथ महाराज डोळे मिटूनच बोलत होते.

"देखो भक्तजन, ये शतायूबाबा. वय वर्षे एकशे दहा. पानिपताची लढाई झाली तेव्हा हा सात वर्षांचा बालक. पाच साल पहले याला खाटेवर घालून आणला होता. हिमालयातल्या सोमबीजाची कल्पगोळी पोटात गेली आणि काळ उलटा फिरला."

अमेरिकेत लढाई पेटल्यामुळे विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसासाठी तोंड वासून बसल्या होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या, दाराला रंग आले होते. सगळं विकत मिळत होतं, फक्त गेलेली वर्षं तेवढी बाजारात नव्हती. ती उणीव महाराजांनी भरून काढली होती.

गर्दीत मोर्शीकडचे खुशालराव आणि त्यांची बायको माणिकबाई उभी होती. कापसाच्या हंगामात दोघं बाजाराजवळ घर घेऊन राहत. खुशालराव साठीचे, गुडघ्यांनी बेजार. माणिकबाई पाच-सहा वर्षांनी लहान. बैल घ्यायचा तर नवरा आधी तिला दाखवी, कारण तिच्या नजरेतून खोड सुटत नसे.

"डोक्यावरचे केस पांढरे, अन् पोटऱ्यावरचे काळेभोर," ती हळूच म्हणाली. "म्हातारपण काय डोक्यातच अडकून बसलं याचं?"

"गोळी पायापासून वर चढते," खुशालराव म्हणाले. महाराजांनी असं सांगितलं नव्हतं, पण भक्ताला उत्तरं आपोआप सुचतात.

त्या दिवशी खुशालरावांनी गोळ्या घेतल्या. गोळ्या तीन प्रकारच्या होत्या: साधी ती जनकल्प, गेरूसारखी लाल ती शतकल्प आणि चांदीचा वर्ख लावलेली राजकल्प. खुशालरावांनी अर्थातच राजकल्प घेतली.

आणि गोळी लागू पडली. चौथ्या दिवशी त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली. आठव्या दिवशी ते उकिडवे बसले आणि हात न टेकता उठले. मिशा पिळत ओट्यावर गाणं गुणगुणू लागले. माणिकबाईला बरं वाटलं, पण काही गोष्टी तिला खटकत होत्या. नवऱ्याची भूक मेली होती. दुपारी बोलता बोलता त्यांच्या पापण्या मिटत. नाक सारखं खाजवत. आणि गोळीची वेळ टळली की घर डोक्यावर घेत.

महिना भरत आला तेव्हा एके सकाळी खुशालराव म्हणाले, "देवीदासच्या माय, तुले एक सांगाचं हाय. महाराज म्हणते, नवं शरीर आलं का नवा संसार मांडा लागते. कौंडण्यपूरकडची एक पोरगी पाहून ठेवली हाय त्यायनं."

"केवढी हाय?"

"चौदाची."

देवीदास त्यांचा मुलगा. त्याची थोरली मुलगी अकराची होती. माणिकबाईने पोळपाट पुसून उभा करून ठेवला. मग उठून तिने मोलकरणीचं जुनं लुगडं मागून घेतलं.

महाराजांच्या तंबूमागे कनातीत गोळ्यांचा कारखाना होता. तिथे कुटायला बाया लागत. अट एकच, काम करताना मौन. बोललं की मंत्र बाटतो, असं सांगितलं जाई. माणिकबाई डोक्यावरून पदर घेऊन दुसऱ्या दिवशी उखळापाशी जाऊन बसली.

समोर पोती रिकामी झाली तेव्हा तिला हसू आवरेना. हिमालयातलं सोमबीज म्हणजे सरकी होती. बाजारात चरक्यांवर कापसातून बी वेगळं काढलं जाई आणि खाली सरकीचे ढीग पडत. ती म्हशींना घालत. तीच इथे कढईत भाजायची, उखळात कुटायची, सुपात पाखडायची, फडक्यातून गाळायची. मग डाळीचं पीठ, गुळाचा पाक, थोडी सुंठ. मळून लाडवासारखा गोळा झाला की त्याच्या बोराएवढ्या गोळ्या. साध्या ठेवल्या तर जनकल्प. गेरूत घोळल्या की शतकल्प. वर्ख चिकटवला की राजकल्प. तिन्ही एकाच परातीतल्या.

फक्त एक गोष्ट महाराज स्वतः करत. गोळ्या वळण्याआधी परात त्यांच्याकडे जाई. ते पडद्याआड 'संजीवन संस्कार' करून ती परत पाठवीत. परत आलेल्या पिठाला कडवट वास असे.

उखळावर माणिकबाईची जोडीदारीण होती बार्शीटाकळीची गोदाबाई, पन्नाशीची विधवा. दुपारी दोघी विहिरीवर परात धुवायला गेल्या तेव्हा गोदाबाईने बोट परातीच्या कडेवरून फिरवलं, चाटलं आणि थुंकली.

"अफू हाय," ती म्हणाली. "वावरात जाताना आमी लेकराले चाटवतो ना, निजून राहावं म्हणून. तेच हे."

"मंग तू इथं काहून राबून राहिली?"

गोदाबाईने तंबूकडे पाहिलं. "माहा पोरगा हाय तिथं. पुंजाराम. हमाली करे. चार महिने झाले, या बाबानं त्याले संगं घेतलं. आता तो गोळीबिगर उठत नाई. घरी चाल म्हटलं तर ओकते, थरथरते, अन् परत इथंच येते. त्याले निदान पाहाले भेटते, म्हणून कुटतो मी."

"पुंजाराम कोणता?"

"तोच ना. शतायूबाबा. बत्तीस वर्साचा हाय."

माणिकबाईने त्या संध्याकाळी संस्कार व्हायच्या आधीचा पिठाचा गोळा पदरात बांधून आणला. नवऱ्याला सांगून तो ऐकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने सांगितलंच नाही. डबीतल्या राजकल्प गोळ्या काढून घेतल्या आणि अफू नसलेल्या गोळ्या वळून, वर्ख लावून तिथे ठेवल्या.

पहिल्या दिवशी खुशालराव चिडचिडले. दुसऱ्या दिवशी जांभया सुटल्या, नाक वाहू लागलं, अंगावर काटा आला. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं आणि गुडघे असे दुखू लागले की खाटेवरून उतरवेना. माणिकबाई त्यांचे पाय चेपत बसली. त्यांचे हाल तिला पाहवत नव्हते, पण तिने दात आवळून धरले. चौथ्या दिवशी तिने तेच पीठ घेतलं आणि त्यात बाजारातली साधी अफू ज्वारीच्या दाण्याएवढी घातली. खुशालरावांनी ती गोळी खाल्ली. थोड्या वेळाने ते उठून बसले, आणखी थोड्या वेळाने मिशीला पीळ दिला.

तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"तू कुटाले गेल्ती? मजुरासारखी?" खुशालराव ओरडले. "महाराजाचं तेज उतरवलं तू गोळीतून."

"तेज नाई उतरवलं. अफू उतरवली. तीन दिवस ते नव्हती तं तुमी खाटेवर होते. आज महाराज नाई, मंत्र नाई, फक्त अफू हाय, अन् तुमी जवान झाले. आता तुमीच सांगा, जवानी कशात होती?"

खुशालराव भिंतीकडे तोंड करून बसले. गुडघा चोळत म्हणाले, "गुडघा बरा नाई झाला म्हणजे."

"नाई. दुखते ते कळेनासं झालं फक्त."

पुढच्या गुरुवारी चिंचेखाली पुन्हा गर्दी. शतायूबाबांच्या दोन फेऱ्या झाल्यावर माणिकबाई पुढे आली. तिच्यामागे गोदाबाई होती.

"महाराज, या बाबाची माय कोणत्या गावची?"

"माताजी स्वर्गवासी होऊन ऐंशी वर्षे झाली," महाराज डोळे मिटूनच म्हणाले.

गोदाबाई सरळ मुलापाशी गेली. ओल्या पदराने तिने त्याची भुवई पुसली. चुन्याचा थर निघाला, खाली काळी भुवई दिसली. केसांत बोटं घातली तर चुन्याने टाळू जागोजाग भाजलेली.

"पुंजा, घरी चाल."

एकशे दहा वर्षांच्या बाबांनी पाठीवरचा गठ्ठा खाली टाकला आणि म्हटलं, "माय."

महाराजांनी डोळे उघडले. पण त्यांचा धंदाच जिभेचा होता.

"धन्य हो," ते गदगदून म्हणाले. "माताजीही जिवंत आहेत. वय एकशे तीस, आणि दिसतात पन्नाशीच्या. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण याही कल्पगोळीच घेतात."

आणि खरं सांगायचं तर गर्दी पुन्हा फिरली. दोन माणसं पुढे येऊन गोदाबाईच्या पाया पडली. एकाने राजकल्पसाठी हात पुढे केला. पुराव्यातूनच नवा चमत्कार उभा राहिला.

तेव्हा खुशालराव उठले. काठी टेकत, लंगडत ते मधोमध आले.

"मले वळखता ना तुमी? महिनाभर याच बाजारात मी बिनाकाठीचा फिरलो. तुमच्यातल्या कित्येकायनं मले पाहूनच गोळी घेतली." ते थांबले, घाम पुसला. "गोळीत अफू हाय. बाकी सरकी हाय, आपण ढोराले घालतो ते. माह्या बायकोनं अफू काढून गोळी देली तं मी तीन दिवस लेकरासारखा रडलो. नुसती अफू देली तं नाचलो. मले लाज वाटून राहिली सांगाले, पण ज्याले पटत नाई त्यानं आजपासून तीन दिवस गोळी बंद करून पाहा. अन् ते जमत नशीन तं समजा का तुमी जवान नाई झाले, अफीमची झाले."

माणिकबाईने संस्कार न झालेल्या पिठाची परात जवळच्या गाडीच्या बैलांपुढे ठेवली. बैलांनी एकदा हुंगलं आणि सोमबीज चाटूनपुसून खाल्लं. आधी एक म्हातारा हसला, मग सगळा बाजार.

तिने महाराजांपुढे एक राजकल्प धरली. "तुमी खा. रोज एक, महिनाभर. आमी बसून पाहतो."

महाराजांचं नेमकं मौन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी कनात उठली. ते अकोल्याच्या वाटेला लागल्याचं गाडीवाल्यांनी सांगितलं, तेव्हा खुशालरावांनी तिकडच्या व्यापाऱ्यांना सावध राहण्याचा निरोप धाडला. पुंजारामची अफू सुटायला उन्हाळा उजाडला. गोदाबाई त्याला धरून बसे. कौंडण्यपूरची मुलगी आपल्या बापाच्या घरी राहिली. खुशालरावांचे गुडघे दुखतच राहिले, आणि माणिकबाई ते तेलाने चोळत राहिली.

गोळी देणाऱ्याचं तेज पाहून ती तोंडात टाकू नका. ती कुठे बनली, तिच्यात काय घातलं, आणि बनवणारा स्वतः ती खातो का, हे विचारा. विचारल्यावर जो रागावतो, त्याची गोळी घेऊ नका. म्हातारपण कुणाच्या शापाने येत नाही, म्हणून ते कुणाच्या मंत्राने जातही नाही. अंग झिजतं, त्याला जपावं, दुखलं तर जाणत्याला दाखवावं, आणि केस पांढरे झाले तर होऊ द्यावेत.